चारच्या भोंग्यावरच्या अक्षता

नोकरीतील बहुतेक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या गल्लीतला, याचाही मेळ लागत नाही. एक प्रकरण मात्र अजून कानात वाजते. वाजते हा शब्द मी विचार करूनच लिहिला आहे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळे होईल. या प्रकरणाची बातमी छापून आली तेव्हा सोबतच्या फोटोत टेबलामागे आमचे वरिष्ठ बसलेले होते, टेबलावर जप्त केलेला माल होता आणि कडेला एक खांदा होता. तो खांदा माझा. उजवा. तपास माझा, तडजोड माझी, धावपळ माझी, आणि छापून आला फक्त खांदा. मी पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत देत इन्स्पेक्टर झालो. वडील बेंगळुरूच्या चामराजपेटेत पत्र्याच्या ट्रंका बनवत. थेट अधिकारी होऊन आलेल्या माणसाला फोटोत कुठे बसायचे हे शिकवावे लागत नाही. मला ते शेवटपर्यंत जमले नाही.

निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. दक्षिण बेंगळुरूतील एका ठाण्यात मी होतो. एक दिवस वरिष्ठांनी बोलावले आणि टेबलावरचे एक पत्र बोटाने माझ्याकडे सरकवले.

"नीवु मराठी अल्वा? मराठीच ना तुम्ही? हे तुमच्या भाषेतले. वाचा आणि निस्तरा."

आमचे घराणे बेंगळुरूत कधी आले हे आजोबांनाही नीट सांगता येत नव्हते. शिवाजी महाराजांच्या वडिलांबरोबर आलो एवढेच घरात ऐकलेले. खात्यात मी 'मराठी माणूस' आणि पुण्याहून नवीन आलेल्या लोकांत 'कानडी माणूस'. एरवी या दोन्हींचा उपयोग शून्य. त्या दिवशी मात्र झाला.

पत्र विदर्भातील एका ठाण्याचे होते. वर्धा नदीच्या काठी एक कोळसा खाण होती. कोळसा संपला, खाण बंद झाली, कामगारांची वसाहत रिकामी झाली. खाणीवरची जुनी यंत्रे भंगार म्हणून एका ठेकेदाराने लिलावात घेतली. माल उचलायला तो गेला, तेव्हा त्यातला एक नग गायब होता: पाळी बदलताना वाजणारा विजेचा भोंगा. ठेकेदाराने चोरीची तक्रार दिली. त्या ओसाड गावात एकच माणूस राहत होता, तिथला चौकीदार. त्याला ठाण्यात चौकशीसाठी बसवून ठेवले होते. तो तोंड उघडत नव्हता. त्याच्या फोनवरून अलीकडे एकाच नंबरावर वारंवार बोलणे झाले होते आणि तो नंबर आमच्या हद्दीतल्या जे. पी. नगरातला निघाला.

मी मनात म्हटले, भोंगा! लोक सोने चोरतात, गाड्या चोरतात. भोंगा चोरून माणूस लपवणार कुठे आणि वाजवणार कसा?

त्याच संध्याकाळी साध्या कपड्यांत जे. पी. नगरच्या पत्त्यावर गेलो. दाराला आंब्याचे तोरण, आत हळदीचा वास, हॉलभर नारळांची पोती. दुसऱ्या दिवशी मुलीचे लग्न होते. मुलगी कोरमंगलातल्या एका कंपनीत नोकरीला, नवरा मुलगा पुण्याचा. मुलीचे वडील म्हणजे आपला नंबरवाला. सडपातळ, ताठ, कानांच्या पाळ्यांवर निळसर ठिपके. कोळशाचा बारीक चुरा जखमेत गेला की कातडीखाली तसाच राहतो, हे मला नंतर कळले. खाणीत ते 'सरदार' होते. खाणीत सरदार म्हणजे आपल्या टोळीला घेऊन जमिनीखाली उतरणारा आणि तिच्या जिवाची जबाबदारी घेणारा माणूस. नावे लिहायची नाहीत असे ठरवले आहे, म्हणून मीही त्यांना सरदारच म्हणतो.

ओळख सांगितली, पत्र दाखवले. बाईंनी चहा आणला.

चौकशी आणि घासाघीस यांत मला कधीच फरक वाटला नाही. सिटी मार्केटात वांग्याचा भाव करताना जो नियम, तोच इथे. जो आधी बोलतो तो घसरतो. हातातला सगळ्यात मोठा पत्ता शेवटी टाकायचा. चौकीदाराला बसवून ठेवले आहे, हे मी म्हणूनच सांगितले नाही. नुसते विचारले, "गावाकडे शेवटचे कधी गेला होतात?"

"वर्ष होऊन गेलं," सरदार म्हणाले.

"मागच्याच आठवड्यात तर आले!" बाई म्हणाल्या. दोघे एकाच दमात बोलले.

बाईंनी माझ्या कपात उगाच आणखी चहा ओतला. कप भरलेलाच होता. चहा बशीत आला, बशीतून पँटवर आला.

"पत्रिका द्याले गेलो होतो," सरदार म्हणाले. "वर्ष झालं म्हंजे, मनानं झालं जी. गाव सोडल्यापासून मोजतो मी."

उत्तर चांगले होते. मी इतका भडकलो की आवाज चढला. "माझ्याशी भाव करू नका! भोंगा कुठे आहे?"

"घर पाहून घ्या, सायेब. नारळायच्या पोत्यात पाहा."

पाहिले. नारळच होते. एक नारळ हातात घेऊन मी परत आलो, तोही बाईंनी बळेच दिला म्हणून.

खबर माणसाला शोधत येते, फक्त आपण नेहमीच्या जागी उभे असले पाहिजे. माझी नेहमीची जागा चामराजपेटेतील एक कॉफीचे दुकान. तिथे त्या संध्याकाळी आमचा बालमित्र भेटला. लग्नांचा आचारी, आमच्याच जुन्या मराठी घरांतला, वयाने लहान. कप हातात घेऊनच तो सुरू झाला.

"अण्णा, उद्याचं काम घेऊन मी फसलो बघ. इथल्याच छत्रात लग्न आहे." छत्र म्हणजे आमच्याकडे मंगल कार्यालय. "लग्न म्हणजे कसं असतं? सकाळी मुहूर्त, बारा-साडेबाराला पान वाढायचं, तीनला भांडी घासून घरी. हे म्हणतात अक्षता चारला."

"गोरज मुहूर्त असेल."

"गोरज कसला? गोरज सूर्य बुडताना. हे म्हणतात चार म्हणजे चार. पुरोहिताला विचारलं, तो आकाशाकडे बघतो. ते असू दे. पण माझ्या ग्राइंडरची लाइन मागतात ते!"

"कसली लाइन?"

"मोठ्या ग्राइंडरला थ्री-फेज लागते ना, अण्णा. सगळ्या छत्रात ती एकच जागा. म्हणे चारला स्वल्प वेळ ग्राइंडर बंद ठेवा, आम्हाला तो पॉइंट पाहिजे. नवरीच्या बापानं स्वतः येऊन सांगितलं. मी म्हटलं, लग्नात थ्री-फेजवर काय चालवता, पिठाची गिरणी?"

मी कॉफी तशीच ठेवली. "नवरीच्या बापाच्या कानावर निळे ठिपके आहेत?"

"तुला कसं माहीत?"

"सरी, ठीक आहे," मी म्हणालो आणि त्याच्या कॉफीचे पैसे दिले. मी दुसऱ्याच्या कॉफीचे पैसे देतो, हे पाहून तो घाबरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहुणा म्हणून छत्रात गेलो. हेड कॉन्स्टेबलला बाहेर गाडीत बसवले. आतला कारभार पाहून मी गोंधळून गेलो. एका बाजूला पुण्याचे वऱ्हाड, घड्याळाकडे पाहणारे. दुसऱ्या बाजूला खाणीच्या गावाचे लोक, नागपूरहून, हैदराबादहून, रायपूरहून आलेले, आणि बेंगळुरूत पोरांच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी, वऱ्हाडी असा सगळा कल्ला. एकमेकांना पाठीत गुद्दे घालत, गालगुच्चे घेत ते भेटत होते. "अरे लोडर, अजून जिवंत आहेस?" "तुला पोचवल्याशिवाय कुठे जातो!" असे चालले होते. रेल्वे स्टेशनवर हरवलेले भाऊ भेटावेत, तसे.

मी मुलीच्या आईजवळ जाऊन बसलो. कालच्या सांडलेल्या चहामुळे त्या माझ्याशी जरा नरमाईने वागत होत्या.

"बाई, अक्षता चारलाच का?"

"तुमाले माहीत नाही? आमच्याकडे लग्न भोंग्यावरच लागते जी." त्या सहज बोलून गेल्या आणि मग थांबल्या नाहीत. बोलायला मिळाले म्हणून त्यांचा चेहरा उजळला होता.

त्यांच्या सासऱ्यांच्या काळी तिथे सागाचे आणि मोहाचे जंगल होते. खाण खोदली गेली आणि कुठून कुठून माणसे आली. आधी झोपड्या, मग क्वार्टरच्या ओळी, मग शाळा, दवाखाना, गणपतीचा मांडव, भिंतीवर चादर लावून सिनेमा. घड्याळे थोड्याच घरांत होती. भोंगा झाला की दूध तापवायचे, भोंगा झाला की पोरे शाळेत. आणि लग्न चारच्या भोंग्यावर. का? कारण सकाळची पाळी चारला वर येई आणि दुपारची पाळी चारला खाली जाई. दिवसभरात तेवढी एकच वेळ अशी की गावातले सगळे पुरुष जमिनीच्या वर असत. भटजीने काहीही मुहूर्त काढलेला असो, नवरा-नवरी अंतरपाट धरून थांबत. भोंगा झाला की काळ्या हातांनी पिवळ्या अक्षता पडत. एक पाळी तशीच जेवायला बसे, दुसरी तशीच खाली उतरे.

"माहं लग्न असंच लागलं. फोटोत पाहा, कोणाचं तोंड दिसत नाही, नुसते दात." त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "मंग कोळसा सरला. एक एक करून ऑर्डर आल्या. ज्या दिवशी पाणी बंद झालं त्या दिवशी आमी निघालो. आता क्वार्टरमधून झाडं निघाली म्हंते. माह्या सैपाकघरात सीताफळ आलं आहे!"

"मग इथे भोंगा कुठून आणणार?"

बाईंची नजर भटारखान्याकडे गेली. मग हळूच म्हणाल्या, "जेवून घ्या ना, सायेब."

मी जेवलो नाही. भूक असताना जेवण सोडणे ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे, हे ओळखीचे लोक मान्य करतील. सरळ भटारखान्यात गेलो. आचाऱ्याने मान न वळवता झाऱ्याने कोठीकडे खूण केली. तांदळाच्या पोत्यांमागे, घोंगडी पांघरलेला, तो बसला होता. घोंगडी बाजूला केली. ओतीव लोखंडाचे अवजड धूड, हिरवा रंग उडालेला, तोंडाला जाळी. जाळीवर हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. चोरीच्या मालाला हार घातलेला मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला.

मागे सरदार उभे होते. नवा फेटा, नवे धोतर, गळ्यात उपरणे.

"आता बोला," मी म्हणालो.

"बोलतो. चार वाजू द्या. मंग हा न्या आन् मले बी न्या. दोन्ही न्या. पोरीले फक्त कळू देऊ नका."

"एवढ्या लांब आणला कसा?"

"बसमधी. पिठाच्या चक्कीची मोटर म्हनून सांगतलं. कंडक्टरनं हात बी लावला उचलाले."

मला हसू येत होते, म्हणून मी जास्त चिडलो. "हा माल ठेकेदाराचा आहे."

"लोखंड त्याचं असंल. भोंगा आमचा आहे." हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितले, जणू मला माझेच नाव सांगत होते. चोरी केली असे त्यांच्या मनाला शिवलेही नव्हते. लग्न झाल्यावर ते तो परत नेऊन ठेवणारच होते. "इकडे लग्न, आन् भोंगा तिकडे भंगारात. हे कसं जमन?"

मग मी शेवटचा पत्ता टाकला. आवाज कडक ठेवून म्हणालो, "तुम्ही इथे फेटा बांधून उभे आहात आणि तुमचा चौकीदार तिकडे ठाण्यात बसला आहे. तक्रार आली तेव्हापासून."

हा पत्ता टाकला की समोरचा मोडतो, अशी माझी अपेक्षा होती. सरदार मोडले नाहीत. त्यांनी फेटा उतरवला, नीट तांदळाच्या पोत्यावर ठेवला आणि म्हणाले, "मले कोनी सांगतलं नाही."

"आता सांगितले."

"मंग लग्न थांबलं."

"म्हणजे?"

"एक माणूस खाली आहे, सायेब. टोळीतला शेवटचा माणूस वर आल्याबगर सरदार वर येत नाही. मी अक्षता कशा टाकू? भोंगा द्याचा कसा?" ते बाहेर निघाले. "चला. तिकडे फोन लावा. मी घेतला म्हनून सांगतो. त्याले सोडा, मले बसवा."

तोपर्यंत मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. नवरीच्या वेशात, हातभर चुडा. तिने सगळे ऐकले होते.

"बाबा, सीरियसली? तुम्ही चोरून आणला?"

"चोरून नाही बेटा. घेऊन आलो."

"सासरचे लोक मला म्हणत होते, स्पीकरवर रेकॉर्डिंग लावू. मीच म्हटलं नको." तिच्या डोळ्यांत पाणी आले. मग ती माझ्याकडे वळली. "सर, तो चौकीदार म्हणजे माझा काका आहे. म्हणजे रक्ताचा नाही. मी लहान असताना तोच मला भोंग्याचं बटण दाबू द्यायचा. तो सुटल्याशिवाय मीही उभी राहणार नाही. पण प्लीज, चारच्या आत सोडवा ना!"

बाहेर पुण्याचे वऱ्हाड "उशीर होतोय का?" म्हणून विचारू लागले होते. तीन वाजून गेले होते.

माझे काम खरे तर सोपे होते. माल सापडला, आरोपीने कबूल केले. महजर, म्हणजे तुमचा पंचनामा, करायचा, दोन्ही गाडीत घालायचे आणि संपले. पण एवढ्या स्वस्तात सौदा मिटवायचा माझा स्वभाव नाही. समोरचा माणूस स्वतःसाठी काहीच मागत नव्हता. अशा माणसाशी भाव करता येत नाही, त्याच्या बाजूने मात्र करता येतो.

तिकडच्या ठाणेदारांना व्हिडिओ कॉल लावला. भोंगा दाखवला. झेंडूची माळ पाहून ते म्हणाले, "हे काय, पूजा केली का?"

"माल सुरक्षित आहे. तुमचा चौकीदार सोडा."

"फिर्यादी इथंच बसला आहे. तो तयार असेल तर माझं काही म्हणणं नाही. द्या त्यालाच."

ठेकेदार फोनवर आला. जाड, झोप न झालेला आवाज. "माझा माल मला पाहिजे."

"मिळेल. तक्रारीत तुम्ही 'भंगार लोखंडी नग' लिहिले आहे. बरोबर?"

"बरोबर."

"मग भंगार घ्या. या नगाच्या वजनाइतके लोखंड मी आजच चामराजपेटेत तोलून देतो. प्रकरण मिटवा."

"नाही नाही, मला तोच पाहिजे!"

"का? भंगाराला तोंड असते का?"

तो घुटमळला आणि बोलून गेला, "तुमच्याच शहरात तो द्यायचा ठरला आहे. कोरमंगलात एक हॉटेल निघतंय. त्यांना भिंतीवर शोभेला जुन्या वस्तू लागतात."

मला इतका आनंद झाला की मी कोठीतल्या पोत्यावर बसलो. घासाघिशीत समोरच्याने स्वतःची गरज सांगितली की तो संपला.

"छान," मी म्हणालो. "मग तक्रार पुन्हा लिहा. शोभेची मौल्यवान वस्तू म्हणून. आणि लिलावात ती भंगाराच्या भावाने कशी उचलली, तेही त्यातच लिहा. मी इथून माझा जबाब जोडतो. लिलाव करणाऱ्यांना पण एक प्रत पाठवू या."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"दुप्पट लोखंड देता का?" तो म्हणाला.

"सव्वापट."

"दीडपट तरी, साहेब."

"सव्वापट, आणि वर एक जुना ग्राइंडर." आचाऱ्याने दचकून माझ्याकडे पाहिले. त्याच्या कोठीत एक मोडका ग्राइंडर कित्येक वर्षे पडलेला होता. मी त्याला डोळ्यांनीच दाबले.

"ठीक आहे," ठेकेदार म्हणाला. ठाणेदारांसमोर त्याने लिहून दिले. माल ज्याचा, त्यानेच तडजोड केली, की साध्या चोरीचे प्रकरण न्यायालयाच्या परवानगीने मिटते. पुढे ते तसेच रीतसर मिटले. माझ्या नोकरीत कागद कधी कच्चा राहिला नाही, एवढे इथेच नोंदवतो.

आता चार वाजायला आले होते. भोंगा गच्चीवर चढवायला चार जण धावले. आचाऱ्याने शिव्या देत ग्राइंडरची लाइन काढून दिली आणि वायर धरून स्वतःच जिना चढला. सरदारांनी फेटा पुन्हा बांधला, पण ते बोहल्याजवळ गेले नाहीत. माझा फोन मागून घेतला, स्पीकर चालू केला आणि तिकडच्या ठाण्यात आपल्या माणसाला विचारले, "कुठं आहेस?"

"ठाण्याच्या गेटाबाहेर उभा आहो, सरदार." पातळ, थकलेला, पण हसरा आवाज. "चा बी पाजला यायनं."

"वर आला ना?"

"वर आलो."

"मागं कोनी?"

"कोनी नाही. सगळे वर आले."

मांडवातले सगळे एव्हाना फोनकडे कान लावून होते. खाणीच्या लोकांना हे शब्द तोंडपाठ असावेत, कारण "सगळे वर आले" म्हणताच बायकांनी अक्षतांच्या मुठी आवळल्या. चौकीदार फोनवरून ओरडला, "बेटा, दाब!"

ती मुलगी अंतरपाट सोडून पळाली. शालू हातात धरून जिना चढली, तिच्या मागे नवरा मुलगा, त्याच्या मागे पुरोहित. आणि भोंगा झाला.

आधी खोलवर घुमला, मग चढत गेला आणि मग चामराजपेटेच्या सगळ्या गल्ल्या भरून टाकल्या. खांबांवरची कबुतरे एकदम उडाली. पुण्याच्या वऱ्हाडाने कान झाकले. रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. आणि मांडवातले म्हातारे, ज्यांना खाण सोडून किती काळ झाला होता, ते आवाज येताच ताडकन उभे राहिले. काहींचे हात डोक्याकडे गेले, टोपीवरचा दिवा चाचपायला. एकाने खुर्चीखालून जेवणाचा डबा उचलला. डबा नव्हताच, दुसऱ्याचा बूट होता. तो त्याने छातीशी धरला आणि हसत सुटला. मग सगळे हसत सुटले. हसता हसता अक्षता पडल्या. नवरा-नवरी गच्चीवर असल्यामुळे त्या एकमेकांवरच पडल्या. शेवटी दोघांना खाली आणून अक्षता पुन्हा टाकाव्या लागल्या.

माझा फोन वाजू लागला. कंट्रोल रूमवर लोकांचे फोन गेले होते. कुणाला युद्धाचा इशारा वाटला, कुणाला भूकंपाचा.

"तुमच्या भागात सायरन कसला?" वरिष्ठ ओरडले.

"सर, तो चोरीचा भोंगा सापडला."

"मग जप्त करा!"

"करतो, सर. आत्ता तो चालू आहे."

पुढचे आधीच सांगितले आहे. टेबल, हार काढलेला भोंगा, पत्रकार, आणि माझा खांदा.

या प्रकरणाने काय शिकवले असे विचाराल तर दोन गोष्टी सांगतो. एक, वस्तू कोणी नेली हे शोधण्याआधी ती किती वाजता हवी होती हे विचारावे. बहुतेक वेळा माणूस तिथेच सापडतो. दुसरी सांगायला जरा जड जाते. मी आयुष्यभर भाव करून जगलो. शिपायाचा इन्स्पेक्टर झालो तो अंगावर येणाऱ्या प्रत्येकाशी झगडून. मला एकदाही भाव न करता हरवणारा माणूस सरदारच भेटला. फेटा उतरवून पोत्यावर ठेवला, एवढेच केले त्याने. लोक गाव गेले गेले म्हणतात. क्वार्टर पडले, झाडे उगवली, हे खरे. पण शेवटच्या माणसाची वाट पाहायची सवय त्यांनी बसमध्ये घालून बेंगळुरूपर्यंत आणली होती. पिठाच्या चक्कीची मोटर म्हणून.

तो भोंगा आता सरदारांच्या ताब्यात असतो. खाणीच्या लोकांच्या घरी जिथे लग्न असेल, तिथे जातो. चौकीदार सोबत जातो आणि थ्री-फेज कुठे आहे ते आधी पाहून येतो.

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीचे लग्न झाले. पुरोहिताने सकाळचा मुहूर्त काढला होता. मी त्याच्याशी भरपूर घासाघीस केली. सकाळी विधी, दुपारी जेवण, अक्षता चारला, असे ठरले. बायको म्हणाली, लोक हसतील. मी म्हणालो, हसू देत. आचारी तोच होता. त्याने न विचारता ग्राइंडर बंद ठेवला. फोटोग्राफरला मी आधीच बजावले होते, "मला घेशील तर पूर्ण घे. नुसता खांदा आला तर पैसे नाही."

चार वाजत आले. चौकीदार गच्चीवर बटणापाशी उभा होता. सरदार माझ्याकडे वळले. माझ्या घरचे लग्न, म्हणून उत्तर मी द्यायचे होते. मी मांडवाकडे पाहिले. मोठा मुलगा, सून, जावई, जुने शिपाई, आमच्या गल्लीतले लोक, खाणीचे लोक, आणि मागच्या रांगेत आमंत्रणावरून आलेले ते वरिष्ठसुद्धा.

"मागं कोनी?" सरदारांनी विचारले.

"कोणी नाही," मी म्हणालो. "सगळे वर आले."